सोळा प्रकार आणि अकरा माणसे: एका ध्वनिपुस्तक गटातील प्रकरण अभ्यास

दृष्टिहीन श्रोत्यांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या अकरा स्वयंसेवकांच्या एका गटात साधारण आठ महिन्यांच्या काळात जे घडले, त्याची ही नोंद आहे. एकमेकांशी जमेनासे झाले तेव्हा गटाने व्यक्तिमत्त्व-प्रकारांचा आधार घेतला. त्याने काय साधले, काय बिघडले आणि शेवटी त्यातले काय टिकले, एवढाच तिचा विषय आहे. त्या काळात गटाची समन्वयक मी होते आणि चाचणी देण्याची कल्पनाही माझीच होती, त्यामुळे ही नोंद त्रयस्थाची नाही हे वाचकांनी आरंभीच लक्षात घ्यावे. संबंधित सहकाऱ्यांनी हा मजकूर वाचून संमती दिली आहे. त्यांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

काम आणि कुरबुरी

गटाचे काम साखळीसारखे चालते. वाचक आपल्या घरी एकेक प्रकरण मुद्रित करून पाठवतो. ध्वनिसंपादक त्यातली पानांची सळसळ, श्वासाचे आवाज आणि अडखळून दुसऱ्यांदा वाचलेली वाक्ये काढून टाकतो. मग तपासनीस मूळ पुस्तक समोर ठेवून ते सबंध ऐकते आणि चुकांची यादी मिनिट-सेकंदांसह वाचकाला धाडते. वाचक तेवढीच वाक्ये पुन्हा वाचतो आणि संपादक ती मूळ मुद्रणात बसवतो. दुरुस्तीचे वाक्य माइकपासून तेवढ्याच अंतरावरून आणि तशाच आवाजात वाचलेले नसेल तर जोड कानाला खटकतो, म्हणून हे शेवटचे काम सर्वांत किचकट असते. एकाने उशीर केला की पुढच्या तिघांचे गणित कोलमडते, आणि इथे कोणालाच मोबदला मिळत नसल्यामुळे कोणी कोणाला दटावूही शकत नाही.

पहिली कुरबुर आमच्या ज्येष्ठ वाचक बाईंची होती. श्रोत्यांकडून सर्वाधिक मागणी त्यांच्याच आवाजाला असे. आठवड्याला एक प्रकरण असे वेळापत्रक मी काढून देत असे, त्या ते आनंदाने स्वीकारत असत, आणि मग पहिले दोन महिने एकही फाइल येत नसे. मुदतीच्या शेवटच्या चार दिवसांत मात्र नऊ प्रकरणे एकदम येऊन पडत. माझ्या लेखी हा शुद्ध बेशिस्तपणा होता आणि मी तसे एकदा चारचौघांत बोलूनही दाखवले होते.

दुसरी कुरबुर तपासनीस तरुणीची. तिचा कान इतका तयार होता की तिने पास केलेल्या पुस्तकात चूक सापडणे कठीण. एका नव्या वाचकाने आपले पहिलेच प्रकरण पाठवले, त्यावर तिने त्याला 43 नोंदींची यादी पाठवली. ‘4 मिनिटे 12 सेकंद: चाकमधला च दंत्य हवा, तालव्य ऐकू येतो’ अशा धाटणीच्या त्या नोंदी होत्या. प्रत्येक नोंद बरोबर होती. मात्र वर नमस्कार नव्हता, खाली ‘बाकी छान’ असे दोन शब्दही नव्हते. त्या मुलाने दुरुस्त्या केल्या, पण दुसरे प्रकरण त्याच्याकडून आले नाही.

तिसरी कुरबुर ध्वनिसंपादकांची, आणि ती सर्वांत जुनी होती. हे गृहस्थ मासिक बैठकीला न चुकता येत, दोन तास शांतपणे बसत, कोणी थेट विचारले तर ‘चालेल’ म्हणत, आणि दोन दिवसांनी ठरलेल्या गोष्टीवर हरकती घेणारे दीड पानाचे पत्र पाठवत. बैठकीत गप्प बसायचे आणि मागाहून खुसपट काढायचे, असा त्यांच्याविषयी सर्वांचा ग्रह झाला होता. माझाही.

चाचणी

व्यक्ती तितक्या प्रकृती हे आपण सहज म्हणतो, परंतु तितक्या प्रकृती लक्षात ठेवणे कोणालाच झेपत नाही, म्हणून माणसांची मोजक्या प्रकारांत वाटणी करण्याचा मोह फार जुना आहे. त्याचे आज सर्वाधिक चालणारे रूप स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या 1921 सालच्या व्यक्तिमत्त्व-प्रकारांवरील ग्रंथातून निघाले. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे भेद तिथूनच रूढ झाले. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकेतील मायलेकींनी त्यावर चार जोड्या उभ्या केल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांची प्रश्नावली तयार केली. माणसाला ऊर्जा आतून मिळते की इतरांच्या सहवासातून, तो तपशिलाकडे पाहतो की शक्यतांकडे, निर्णय तर्काने घेतो की संबंधितांच्या भावनांचा विचार करून, आणि गोष्टी ठरवून टाकणे त्याला रुचते की खुल्या ठेवणे, अशा त्या चार जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतला एक पर्याय, तोही एका अक्षराने दाखवलेला, याप्रमाणे दोनाचा चौथा घात, म्हणजे चार अक्षरांचे सोळा प्रकार होतात. आम्ही दिलेली चाचणी ही मूळ प्रश्नावली नव्हती, तिच्या धर्तीवरची एक विनामूल्य ऑनलाइन चाचणी होती. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मूळ पद्धतीत निकालावर प्रशिक्षित व्यक्तीशी चर्चा होते आणि आपला प्रकार कोणता हे ठरवण्याचा अखेरचा अधिकार चाचणी देणाऱ्याकडेच असतो. आमच्याकडे पडद्यावर चार अक्षरे आली आणि आम्ही ती शिरोधार्य मानली.

निकाल वाचण्यासाठी घेतलेली बैठक ही त्या वर्षातली सर्वांत मोकळी बैठक ठरली, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ज्येष्ठ वाचक बाईंच्या वर्णनात, अशा व्यक्तींना वेळापत्रक म्हणजे पायातली बेडी वाटते, अशा अर्थाचे वाक्य होते. ते वाचून त्या हसल्या आणि म्हणाल्या, “बेडी नाही गं. सबंध पुस्तक एकदा अंगात भिनल्याशिवाय मला पहिलं पान वाचताच येत नाही. शेवटी कोण मरणार आहे हे ठाऊक नसताना पहिल्या पानावर त्याचा आवाज कसा लावायचा?” दोन वर्षे मी ज्याला बेशिस्तपणा समजत होते ती एक कार्यपद्धती होती, आणि ती मला कळली नव्हती याचे साधे कारण म्हणजे मी कधी विचारले नव्हते. त्या दिवशी आम्ही ठरवले की त्यांच्या पुस्तकासाठी पहिला महिना केवळ वाचनाचा धरायचा, त्यात एकाही फाइलची अपेक्षा ठेवायची नाही, आणि त्यानंतर मात्र आठवड्याला दोन प्रकरणे घ्यायची.

याचे श्रेय चाचणीला द्यावे का? काही अंशी द्यावे असे मला अजूनही वाटते. ‘तुम्ही उशीर का करता’ या प्रश्नात आरोप असतो. ‘तुमच्या प्रकाराविषयी इथे असे लिहिले आहे, ते खरे आहे का’ या प्रश्नात तो नसतो. प्रकारांच्या शब्दसंग्रहामुळे माणसाला स्वतःविषयी बोलायला एक तटस्थ जागा मिळते. उपयोग झाला तो त्या जागेचा. वर्णन किती अचूक होते हा भाग वेगळा, आणि त्याची चुणूक त्याच बैठकीत मिळाली होती. एका सहकाऱ्याने चुकून शेजारणीचा कागद उचलला, अर्धे पान मोठ्याने वाचले आणि ‘अगदी मीच आहे हा’ असे म्हटल्यावर तो कागद तिचा असल्याचे उघड झाले. आम्ही हसलो आणि पुढे गेलो. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने 1948 साली आपल्या वर्गातील 39 विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणीचा निकाल म्हणून एकच मजकूर वाटला होता आणि त्यातली वाक्ये भविष्याच्या एका पुस्तकातून उचललेली होती. विद्यार्थ्यांनी ‘माझे वर्णन’ म्हणून त्याला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. आमच्या हातातले कागद कोणत्या मापाने जोखायचे हे त्या सहकाऱ्याने आम्हाला फुकटात दाखवले होते, पण तेव्हा ते दिसले नाही.

शिक्के

पुढच्या दोन महिन्यांत ती चार अक्षरे गटाच्या बोलण्यात मुरली. सुरुवातीला लोक स्वतःविषयी बोलत होते. हळूहळू ते एकमेकांविषयी बोलू लागले, आणि प्रकरण बिघडले ते इथे. बदल बारीक होता. ‘मी जरा खुले ठेवणारी आहे, मला आधी सांगाल का’ या वाक्याच्या जागी ‘ती काय, खुले ठेवणारीच’ हे वाक्य आले. पहिल्यात विनंती आहे, दुसऱ्यात निकाल. खुद्द ज्येष्ठ वाचक बाईंनीही ठरलेली तारीख एकदा चुकवल्यावर ‘माझा प्रकारच तसा, काय करणार’ असे म्हटले, आणि संपादकांना तो आठवडा रात्री जागून काढावा लागला. प्रकाराने त्यांच्या उशिराचे कारण सांगितले होते. उशिराची किंमत दुसरा कोणीतरी मोजतो ही गोष्ट त्याने बदलली नव्हती.

तपासनीस तरुणीच्या बाबतीत मी केलेली चूक अधिक गंभीर आहे. तिच्या निकालात तर्काने निर्णय घेणारी असे आले होते. नवा वाचक दुरावल्यावर मी दुसऱ्या एका वाचकाला समजावले की तिचा प्रकार विचारप्रधान आहे, तिच्याकडून गोडव्याची अपेक्षा ठेवू नकोस. हे तिच्या कानावर गेले. तिने मला बाजूला घेऊन तिच्या निकालाचे पान दाखवले. त्या जोडीत तिला तर्काच्या बाजूला 52 आणि भावनेच्या बाजूला 48 टक्के होते. “ताई, दोन प्रश्नांची उत्तरं मी त्या दिवशी वेगळी दिली असती तर आज तुम्ही मला मायाळू म्हणाला असतात,” ती म्हणाली. “आणि यादी कोरडी का असते, हे तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का?” कारण असे होते की ती यादी बसमधून जाताना हेडफोन लावून, फोनवर एका अंगठ्याने टिपत असे. नमस्कार राहून जाई तो स्वभावामुळे नव्हे.

तिचे पहिले वाक्य चाचण्यांच्या मूळ दुखण्यावर बोट ठेवते. अशा गुणांची विभागणी माणसांच्या उंचीसारखी असते: बहुतेक जण मधल्या पट्ट्यात असतात आणि अगदी उंच किंवा अगदी ठेंगणे थोडे. मधोमध रेघ ओढून अलीकडचे सगळे ठेंगणे आणि पलीकडचे सगळे उंच म्हणायचे ठरवले, तर रेघेला खेटून उभ्या असलेल्या दोन जवळजवळ सारख्या माणसांना आपण विरुद्ध नावे देतो, आणि त्याच वेळी रेघेजवळचा आणि टोकाचा यांना एकाच नावाखाली आणतो. पुन्हा चाचणी दिली की रेघेजवळचे लोक इकडून तिकडे जातात. एक नवी स्वयंसेविका आल्यामुळे आमच्यातील नऊ जणांनी तिच्यासोबत गंमत म्हणून पुन्हा चाचणी दिली, तेव्हा चौघांचे निदान एक अक्षर बदलले होते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पिटेंजर यांनी 1993 साली मूळ मायर्स-ब्रिग्ज प्रश्नावलीवरील अभ्यासांचा आढावा घेताना असेच नोंदवले होते की पाच आठवड्यांच्या अंतराने पुन्हा चाचणी दिल्यास निम्म्यापर्यंत लोकांचा प्रकार बदलू शकतो. हिशेब केला तर त्यात नवल नाही: प्रत्येक जोडीत 85 टक्के वेळा तेच उत्तर आले असे धरले, आणि चारही जोड्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तरी चार अक्षरे जशीच्या तशी टिकण्याची शक्यता साधारण 52 टक्केच उरते.

दुरावलेल्या वाचकाची गोष्ट तर या सोळा चौकटींत मावतच नाही. टीका मनाला किती लागते आणि किती काळ सलत राहते, हा माणसामाणसांतला फार मोठा फरक आहे. आज संशोधक प्रकारांऐवजी ज्या पाच गुणपट्ट्या वापरतात, त्यांत भावनिक अस्थिरतेची एक स्वतंत्र पट्टी आहे. रॉबर्ट मॅक्रे आणि पॉल कोस्टा यांनी 1989 साली मायर्स-ब्रिग्ज प्रश्नावली त्या पाच पट्ट्यांशी ताडून पाहिली, तेव्हा तिच्या चार जोड्या चार पट्ट्यांशी कमीअधिक जुळल्या आणि पाचवीला, नेमकी याच पट्टीला, तिच्यात जोड सापडली नाही. प्रत्येक प्रकाराचे वर्णन गोडच असावे हा या पद्धतीचा आग्रह आहे. अप्रिय पट्टी त्यात बसणार कशी? आमच्या गटात मात्र त्या मुलाला सांभाळून घेण्यासाठी जी एक गोष्ट माहीत असायला हवी होती, ती नेमकी तीच होती. तो परत आला नाही. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तो नम्रपणे बोलला आणि वेळ नसल्याचे म्हणाला.

उजवा कान

ध्वनिसंपादकांचा निकाल अंतर्मुख असा आला तेव्हा कोणालाच आश्चर्य वाटले नाही, आणि त्यातून मी जो निर्णय घेतला तो समजूतदारपणाचा आहे अशी माझी खात्री होती. अंतर्मुख माणसाला बैठकीचा ताण नको, म्हणून त्यांनी बैठकीला आले नाही तरी चालेल, इतिवृत्त पाठवले जाईल, असे मी त्यांना कळवले. ते पुढच्या बैठकीला आले नाहीत. त्या बैठकीत पुस्तकांतील तळटीपा दुसऱ्या वाचकाच्या आवाजात मुद्रित करण्याची योजना ठरली, म्हणजे संपादनाचे काम जवळपास दुप्पट करणारा निर्णय संपादकांच्या अनुपस्थितीत झाला. या वेळी दीड पानाचे पत्र आले नाही. हे मला खटकायला दोन आठवडे लागले.

एक बिघडलेली फाइल दाखवायला मी त्यांच्याकडे गेले होते. ते हेडफोन लावून काम करत होते आणि पडद्यावर आवाजाची दुपदरी लाट दिसण्याऐवजी एकच पदर दिसत होता. डावा-उजवा आवाज एकत्र का केला आहे, असे मी सहज विचारले. “डावा कान लहानपणापासून गेलेला आहे,” त्यांनी सांगितले, जणू हे मला ठाऊकच असेल. मग थोडे थांबून म्हणाले, “ताई, मी मुळात कमी बोलतो हे खरंच आहे. पण बैठकीत बोलत नाही त्याचं कारण ते नाही. तिघे एकदम बोलायला लागले की मला नुसता कल्ला ऐकू येतो. मुद्दा समजेस्तोवर तुम्ही पुढच्या मुद्द्यावर गेलेले असता. म्हणून घरी जाऊन इतिवृत्त वाचतो आणि लिहितो.”

एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज कुठून आला हे ओळखणे आणि गोंगाटातून एकाचे बोलणे वेगळे काढणे कठीण जाते, कारण ही दोन्ही कामे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून करतो. शांत खोलीत समोरासमोर बोलताना मात्र अडचण जाणवत नाही, आणि म्हणून ती आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. माणसाच्या वागण्याचे कारण परिस्थितीत असताना ते त्याच्या स्वभावात शोधण्याच्या आपल्या सवयीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 साली आरोपणातील मूलभूत चूक असे नाव दिले. ही चूक आम्ही चाचणीच्या आधीही करत होतो. फरक इतकाच की आधी आम्ही त्यांना खुसपटे म्हणत होतो आणि नंतर अंतर्मुख. दुसरा शब्द सभ्य असल्यामुळे तो तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही. खुसपट्या माणसाशी निदान कोणीतरी भांडले असते आणि त्या भांडणात कानाची गोष्ट बाहेर आली असती.

स्वतः युंग यांनी 1934 साली आपल्या ग्रंथाच्या अर्जेंटिनातील स्पॅनिश आवृत्तीच्या प्रस्तावनेत तक्रार केली आहे की वाचक प्रकारांचे वर्णन करणारे दहावे प्रकरण माणसांची वर्गवारी करण्याचे साधन समजून बसतात, आणि माणसाला पाहताक्षणी कप्प्यात टाकणे हा त्यांच्या मते दिवाणखान्यातला पोरखेळ होता. मायर्स-ब्रिग्ज प्रश्नावली प्रकाशित करणारी संस्थादेखील नोकरीसाठी निवड करताना ती वापरू नये असे सांगते. मी कोणाची निवड केली नव्हती. पण एका माणसाला निर्णयाच्या खोलीतून बाहेर ठेवले होते, आणि ते त्याच्या चार अक्षरांकडे बोट दाखवून.

एक पान

यानंतर चाचणी मोडीत काढावी असे काही जणांचे म्हणणे होते. तसे केले नाही, कारण स्वतःविषयी बोलण्याची जी सवय तिच्यामुळे लागली होती ती गमवावीशी वाटत नव्हती. एकच नियम केला: ज्याचा प्रकार त्यानेच सांगायचा, दुसऱ्याचा कोणी सांगायचा नाही. आणि प्रत्येकाने एक पान लिहायचे. मी गप्प झाले तर त्याचा अर्थ काय घ्यावा, माझी चूक मला कशी सांगितलेली चालते, कामाची सूचना किती दिवस आधी हवी, आणि माझ्या वागण्यातली कोणती गोष्ट तुम्ही मुळीच खपवून घेऊ नये, हे त्यात असावे असे ठरले. शेवटचा प्रश्न तपासनीस तरुणीने सुचवला. तिचे म्हणणे असे की ‘मला समजून घ्या’ असे सगळेच लिहितील. ‘इथे मला अडवा’ हेही लिहून द्यायला हवे.

ती पाने सोळा वर्णनांपेक्षा पुष्कळ रुक्ष होती आणि पुष्कळ उपयोगी. ज्येष्ठ वाचक बाईंनी लिहिले की कबूल केलेल्या तारखेच्या तीन दिवस आधीपर्यंत मी काही कळवले नाही तर उशीर होणार असे समजा आणि मला फोन करा, पत्र मी वाचत नाही. त्या आजही उशीर करतात. पण तो आधी कळतो. तपासनीस तरुणीने यादीच्या वर दोन ओळींचा कायमचा मजकूर तयार करून ठेवला आणि पहिल्या पुस्तकाच्या वाचकांना यादीऐवजी फोन करायचे स्वतःहून मान्य केले. दोघांनी पान लिहिलेच नाही आणि आम्ही त्यांच्या मागे लागलो नाही. माझ्या पानावर मी लिहिले की घाईत असताना मी प्रश्न विचारण्याऐवजी निष्कर्ष सांगते. यावर कोणीही आश्चर्य व्यक्त केले नाही, हे नोंदवायला हरकत नाही.

संपादकांचे पान तीन ओळींचे होते. विषयपत्रिका दोन दिवस आधी मिळावी, एका वेळी एकानेच बोलावे, आणि बसण्याची जागा मी निवडेन. पुढच्या बैठकीला ते दहा मिनिटे आधी आले आणि सगळे आपल्या उजव्या हाताला येतील अशी टोकाची खुर्ची त्यांनी धरली. तळटीपांचा विषय निघाला तेव्हा त्यांनी हात वर केला आणि दुसऱ्या आवाजातील तळटीप मजकुराच्या मध्ये कशी ऐकू येते हे फोनवर वाजवून दाखवले. श्रोत्याला वाक्याचा शेवट ऐकेपर्यंत त्याची सुरुवात आठवत नाही, हे एका नमुन्यात सर्वांना पटले. ते सात-आठ मिनिटे सलग बोलले. माझी योजना रद्द झाली आणि तळटीपा प्रकरणाच्या शेवटी, त्याच वाचकाच्या आवाजात घेण्याचे ठरले.